सिअर्स : दुकानाचा पैसा दुकानाबाहेर

१५ ऑक्टोबर २०१८ रोजी सिअर्स होल्डिंग्ज या देशभर दुकाने चालवणाऱ्या अमेरिकी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्या दिवशी तिला १३ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज फेडायचे होते आणि तेवढेही पैसे हाताशी नव्हते. १९७० च्या आसपास याच सिअर्सची विक्री अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ एक टक्का होती.

अॅमेझॉन आले आणि सिअर्स बुडाले, असे या प्रकरणाचे सार आपल्याकडेही सांगितले जाते. तारखा लावून पाहिल्या की ते पटत नाही. २००५ साली अॅमेझॉनची वर्षाची विक्री साडेआठ अब्ज डॉलर होती, तर सिअर्स आणि केमार्ट ही स्वस्त दुकानांची साखळी मिळून झालेल्या कंपनीची सुमारे ४९ अब्ज. सिअर्सकडे शंभर वर्षांचा घरपोच मालाचा अनुभव होता, गोदामे होती, देशभर सेवा देणारे मेकॅनिक होते आणि लोकांनी डोळे झाकून घ्यावीत अशी नावे होती. मग बिघडले कुठे? माझे उत्तर असे आहे की सिअर्स दोनदा मोठी झाली ती दुकानाचा पैसा दुकानात घातल्यामुळे, आणि दोनदा घसरली ती तो पैसा दुसरीकडे वळवल्यामुळे. पहिल्या घसरणीतून ती कशीबशी सावरली. दुसरीतून सावरली नाही.

पोस्टाने येणारे दुकान

रिचर्ड सिअर्स हा मिनेसोटातल्या नॉर्थ रेडवूड या लहानशा स्टेशनावरचा रेल्वे एजंट. १८८६ मध्ये तिथे आलेली घड्याळांची पेटी गावातल्या जवाहिऱ्याने घ्यायचे नाकारले. सिअर्सने ती घड्याळे स्वतः घेतली आणि लाइनीवरच्या इतर स्टेशन एजंटांना विकली. अमेरिकी रेल्वेंनी तीनच वर्षांपूर्वी प्रमाणवेळ लागू केली होती, त्यामुळे खिशातल्या घड्याळाला मागणी होती. पुढच्या वर्षी तो शिकागोला गेला, अल्वा रोबक हा घड्याळजी त्याने हाताशी घेतला आणि १८९३ मध्ये ‘सिअर्स, रोबक अँड कंपनी’ हे नाव रूढ झाले.

गिऱ्हाईक होते शेतकरी. खेड्यात दुकान एकच असायचे. भाव दुकानदार सांगेल तो, आणि उधारीवर घेतले तर आणखी चढा. सिअर्सच्या कॅटलॉगात किंमत छापलेली असे. ती सगळ्यांना सारखी होती आणि माल पटला नाही तर पैसे परत मिळत. १८९६ पासून टपालखाते खेड्यात घरोघर पत्रे पोचवू लागले, १९१३ मध्ये पार्सलेही. या दोन सरकारी निर्णयांशिवाय सिअर्स एवढी वाढली नसती. खासगी कर्तबगारीच्या कथांमध्ये हा भाग बहुधा गाळला जातो.

माणसाला भुरळ घालणारी जाहिरात लिहावी ती रिचर्ड सिअर्सने. पण ऑर्डरी इतक्या येऊ लागल्या की माल वेळेवर जाईना. १८९५ मध्ये कपड्यांच्या धंद्यातले ज्युलियस रोझेनवाल्ड भागीदार झाले आणि त्यांनी घडी बसवली. १९०६ मध्ये शिकागोच्या पश्चिम भागात ४० एकरांवर टपाल-विक्रीचे प्रचंड केंद्र उभे राहिले. प्रत्येक ऑर्डरला रवानगीची वेळ ठरवून दिलेली असे आणि वेगवेगळ्या विभागांतला माल त्या वेळेला एकाच जागी यावा लागे. शिलाई मशीन, नांगर, गिटार, औषधे, सगळे त्या कॅटलॉगात होते. १९०८ ते १९४० या काळात तर अख्खी घरे विकली गेली. कापून, आकडे घालून तयार केलेले लाकूड आणि खिळ्यांपासून दारांपर्यंतचे सामान रेल्वेने येई, सोबत नकाशे आणि सूचना असत. अशी ७० हजारांहून अधिक घरे विकल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतली कित्येक आजही राहती आहेत.

दक्षिणेकडच्या राज्यांत या कॅटलॉगाचे मोल वेगळेच होते. तिथे काळ्या माणसाला दुकानात गोऱ्यांच्या मागे थांबावे लागे, हलका माल पदरात पडे आणि उधारीच्या वहीमुळे तो जमीनमालकाच्या किंवा दुकानदाराच्या मुठीत राही. टपालाने मागणी नोंदवली की कातडीचा रंग कुणी विचारत नसे. स्थानिक दुकानदारांना हे खुपले. कॅटलॉगांच्या होळ्या झाल्या. सिअर्स आणि रोबक हे स्वतःच काळे आहेत अशी अफवाही पसरवली गेली. या कंपनीतून मिळालेल्या संपत्तीतून रोझेनवाल्ड यांनी बुकर टी. वॉशिंग्टन या काळ्या शिक्षणतज्ज्ञासोबत काळ्या मुलांसाठी दक्षिणेत शाळा बांधायला हातभार लावला. १९३२ पर्यंत अशा जवळजवळ ५ हजार शाळा झाल्या. निम्मा भार गावकऱ्यांनी आणि स्थानिक शासनाने उचलावा असा त्यांचा आग्रह असे. पुढे नागरी हक्क चळवळीत नाव झालेले जॉन लुईस अशाच एका शाळेत शिकले. दुकानाच्या इतिहासात शाळा कशाला, असे कुणी म्हणेल. पण सिअर्स हे नाव लोकांच्या मनात कशामुळे रुजले होते, ते यावाचून कळत नाही.

जनरल वुड

पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या हातातला पैसा आटला. १९२१ मध्ये कंपनी बुडण्याच्या बेतात होती. रोझेनवाल्ड यांनी स्वतःच्या संपत्तीतून सुमारे २ कोटी डॉलरचा आधार देऊन ती तारली. मालकाने स्वतःच्या खिशातून दुकान वाचवले, ही गोष्ट पुढे आठवावी लागेल.

नवी दिशा दाखवली ती रॉबर्ट वुड यांनी. हे लष्करातले अधिकारी. पनामा कालव्याच्या बांधकामावर त्यांनी पुरवठ्याचे काम पाहिले होते आणि तिथे असताना त्यांना अमेरिकेच्या जनगणनेचे, लोकसंख्येचे सरकारी आकडे वाचायची गोडी लागली. युद्धानंतर ते माँटगोमेरी वॉर्ड या सिअर्सच्या जुन्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. आकडे त्यांना दोन गोष्टी सांगत होते : लोक खेड्यातून शहराकडे चालले आहेत, आणि उरलेल्या शेतकऱ्याच्या दारातही मोटार येते आहे. मोटार असलेला माणूस कॅटलॉगाची वाट कशाला पाहील? कंपनीने दुकाने उघडावीत असे ते सांगत राहिले, पण वॉर्डच्या वरिष्ठांना ते पटले नाही आणि १९२४ मध्ये वुड तिथून बाहेर पडले. रोझेनवाल्ड यांनी त्यांना लगेच घेतले.

२ फेब्रुवारी १९२५ रोजी शिकागोतल्या टपाल केंद्राच्याच इमारतीत सिअर्सचे पहिले दुकान उघडले. चार वर्षांत ती ३०० च्या वर गेली. १९३१ मध्ये दुकानांतली विक्री कॅटलॉगापेक्षा जास्त झाली. ही दुकाने कुठे होती हे नीट पाहायला हवे. त्या काळची मोठी डिपार्टमेंट स्टोअर शहराच्या मध्यवस्तीत, ट्राम थांबते तिथे असत, आणि त्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः बायका असत. वुड यांनी वस्तीच्या कडेला स्वस्त जमीन घेतली, दारात मोफत पार्किंग दिले आणि आत टायर, अवजारे, वॉशिंग मशीन ठेवले, म्हणजे पुरुषही येतील. अवजारांचे क्राफ्ट्समन आणि घरगुती उपकरणांचे केनमोर ही दोन्ही नावे १९२७ ची. क्राफ्ट्समनचा पाना मोडला तर कुठल्याही दुकानात जाऊन नवा घ्यावा, पावती लागत नसे. १९३१ मध्ये कंपनीने ऑलस्टेट हा मोटारविमाही विकायला सुरुवात केली. तो गिऱ्हाइकाच्या मोटारीशी जोडलेला होता, म्हणून शोभला. पुढे जे वित्तीय धंदे घेतले त्यांचे तसे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी वुड यांनी दुसरा मोठा निर्णय घेतला. वॉर्डचे प्रमुख सूएल एव्हरी यांना खात्री होती की पहिल्या युद्धानंतर आली तशी मंदी येणार. त्यांनी नवी दुकाने उघडणे थांबवले आणि रोकड साठवली. वुड यांनी उलट केले. उपनगरे वाढणार हे गृहीत धरून त्यांनी सगळी ताकद नव्या दुकानांवर लावली. मंदी आली नाही. दहा वर्षांत सिअर्स इतकी पुढे गेली की वॉर्डला तिला पुन्हा कधीच गाठता आले नाही.

याच काळात नोकरवर्गाच्या नफावाटणी निधीकडे कंपनीचे सुमारे पाव समभाग जमा झाले होते. ही योजना १९१६ पासूनची. काउंटरवर उभा असणारा माणूसही कंपनीचा मालक होता आणि निवृत्त होताना त्याच्या हाती घर घेण्याएवढी रक्कम येऊ शकत होती. दुकान नीट चालण्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ होता. व्यवस्थापनशास्त्राला याहून सोपे आणि मोठे काही सापडले आहे असे मला वाटत नाही.

मनोरा

१९७३ मध्ये शिकागोत सिअर्स टॉवरचे बांधकाम माथ्यापर्यंत पोचले. ११० मजले, ४४२ मीटर, त्या वेळी जगातली सर्वांत उंच इमारत. रचना ढाक्यात जन्मलेले अभियंते फझलुर खान यांची. स्थापत्याचा तो थोर नमुना आहे, यात वाद नाही. पण त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले, गिऱ्हाइकाचा हात आखडला, आणि तोवर केमार्टसारखी स्वस्त दुकाने जागोजागी पोचू लागली होती. आर्कान्सामधून वॉलमार्ट हळूहळू पसरत होते.

सिअर्सच्या नेत्यांना निष्कर्ष दिसला तो असा की किरकोळ विक्रीचा धंदा आता फार वाढणार नाही. १९८१ मध्ये एडवर्ड टेलिंग अध्यक्ष असताना कंपनीने डीन विटर ही शेअर दलाली आणि कोल्डवेल बँकर ही घरजमिनीची दलाली विकत घेतली. मोजे घ्यायला आलेल्या माणसाने त्याच छताखाली शेअरही घ्यावेत अशी कल्पना. १९८५ मध्ये डिस्कव्हर क्रेडिट कार्ड आले. कार्ड उत्तम चालले, पण त्याच्यासाठी गिऱ्हाइकाला किंमत मोजावी लागली : १९९३ पर्यंत सिअर्सच्या दुकानात व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतच नसे. फ्रिज घ्यायला आलेला माणूस दुसऱ्याचे कार्ड घेऊन आला म्हणून परत जातो, आणि तरी ते धोरण वर्षानुवर्षे टिकते, तेव्हा कंपनी दुकानाकडे दुकान म्हणून पाहत नाही हे स्पष्ट होते.

१९८९ च्या सुरुवातीला सगळी दुकाने ४२ तास बंद ठेवून मालावर नव्या, कमी किमतींच्या चिठ्ठ्या लावल्या गेल्या. ‘रोजच स्वस्त’ असे धोरण जाहीर झाले. पण स्वस्त विकायचे तर खर्चही कमी हवा. सिअर्सचा विक्री आणि प्रशासनाचा खर्च, विक्रीच्या प्रमाणात, वॉलमार्टच्या जवळजवळ दुप्पट होता. चिठ्ठ्या बदलल्या, खर्च तसाच राहिला. १९९०-९१ च्या सुमारास वॉलमार्ट आणि केमार्ट दोघेही सिअर्सच्या पुढे निघून गेले. १९९२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिअर्सच्या मोटार दुरुस्ती केंद्रांवर नको ती दुरुस्ती गळ्यात मारल्याचा आरोप ठेवला. तिथल्या कामगारांना कमिशन आणि कोटा लावला होता. त्या वर्षी कंपनीला ३.९ अब्ज डॉलरचा तोटा झाला.

कॅटलॉग बंद होतो

दुकान विभागाचे नवे प्रमुख आर्थर मार्टिनेझ यांनी जानेवारी १९९३ मध्ये जाहीर केले : मोठा कॅटलॉग बंद, ११३ दुकाने बंद, ५० हजार नोकऱ्या कमी. कॅटलॉगाची विक्री अजून ३ अब्ज डॉलरच्या वर होती, पण तो तोट्यात होता. अॅमेझॉनची स्थापना १९९४ ची, म्हणून हा निर्णय मूर्खपणाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. मला ते अन्यायाचे वाटते. त्या वेळचा हिशेब पाहता बंद करण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. चूक त्याआधीची आहे. वॉलमार्ट ऐंशीच्या दशकात उपग्रह, बारकोड आणि गोदामे यांवर पैसा ओतत होते, तेव्हा सिअर्सची टपाल केंद्रे जुन्याच पद्धतीने चालत होती. गंमत वाटावी इतके विचित्र म्हणजे, आयबीएमबरोबर ‘प्रॉडिजी’ ही घरगुती संगणकावरची सेवा सिअर्सने त्याच दशकात उभारली होती. लोक तीवर खरेदीही करू शकत. १९९६ मध्ये सिअर्सने तीतून अंग काढून घेतले. कॅटलॉग एका खात्यात, प्रॉडिजी दुसऱ्या, कार्ड तिसऱ्या. तिन्ही एकत्र आणायचे काम कुणाचेच नव्हते.

मार्टिनेझ यांनी दुकाने रंगवली, कपड्यांवर भर दिला, सगळी कार्डे स्वीकारली. काही वर्षे नफा परतला. मात्र त्यातला मोठा वाटा उधारीवरच्या व्याजाचा होता, आणि २००३ मध्ये कंपनीने आपला कार्ड व्यवसाय सिटीग्रुपला विकून टाकला. डीन विटर, डिस्कव्हर आणि ऑलस्टेट आधीच वेगळे झाले होते. २००४ मध्ये सिअर्सजवळ पुन्हा फक्त दुकान उरले. दुकान दुबळे होते, पण मेलेले नव्हते. घरगुती उपकरणांत ती अजून देशात पहिली होती.

लॅम्पर्ट यांची वर्षे

एडी लॅम्पर्ट हे गुंतवणूकदार. गोल्डमन सॅक्समध्ये सुरुवात, मग ईएसएल हा स्वतःचा फंड. दिवाळखोरीत गेलेल्या केमार्टवर त्यांनी २००३ मध्ये ताबा मिळवला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये केमार्टने ११ अब्ज डॉलरला सिअर्स घेत असल्याचे जाहीर केले. सुमारे ३,५०० दुकाने एका हाताखाली आली. शेअर बाजाराला यात दुकानापेक्षा दुकानाखालची जमीन दिसत होती. २००७ मध्ये समभाग १९० डॉलरच्या वर गेला.

पुढच्या वर्षांत कंपनीने आपलेच समभाग परत विकत घेण्यावर जवळजवळ ६ अब्ज डॉलर खर्च केले. दुकानांच्या डागडुजीवर दर चौरस फुटामागे जो खर्च होत होता तो स्पर्धकांच्या तुलनेत अगदीच किरकोळ होता. फरशा फुटलेल्या, दिवे बंद, छत गळते, सरकते जिने बंद पडलेले, असे वर्णन देशभरातल्या दुकानांतून येऊ लागले. शेतकऱ्याने पेरणीचे बियाणे दळून खावे तसे हे होते : त्या वर्षी पोट भरते, पुढच्या हंगामात शेत रिकामे राहते.

२००८ मध्ये लॅम्पर्ट यांनी कंपनीचे तीसहून अधिक स्वतंत्र विभाग केले. प्रत्येकाचा वेगळा प्रमुख, वेगळा नफातोटा. आपापल्या फायद्यासाठी सगळे झटले की सगळ्यांचाच फायदा होईल ही कल्पना. प्रत्यक्षात जाहिरातीच्या पानावर कुणाचा माल छापायचा यावर भांडणे झाली. केनमोर हे सिअर्सचे स्वतःचे नाव, पण ते वापरायला उपकरण विभागाला शुल्क पडे, म्हणून बाहेरच्या कंपन्यांचा माल पुढे करणे त्या विभागाला परवडे. शंभर वर्षांपूर्वी रोझेनवाल्ड यांनी सगळ्या विभागांना एका ऑर्डरीभोवती गोळा केले होते. इथे त्याच ऑर्डरीचे तुकडे झाले.

लॅम्पर्ट यांचा भर ऑनलाइन विक्री आणि ‘शॉप युअर वे’ या सदस्य योजनेवर होता. त्यासाठी लागणारे संगणकीय काम बरेचसे भारतातही होत असे, कंपनीचे त्यासाठीचे कार्यालय आपल्या पुण्यात होते. शिकागोजवळच्या हॉफमन इस्टेट्समधल्या मुख्यालयात मात्र ते क्वचित येत. फ्लोरिडातून व्हिडिओवर बैठका घेत. २०१३ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारीपदही त्यांनी स्वतःकडे घेतले. कंपनीचे शेवटचे नफ्याचे वर्ष होते २०१०.

मग तुकड्यांची विक्री सुरू झाली. लँड्स एंड ही कपड्यांची कंपनी २०१४ मध्ये वेगळी. २०१५ मध्ये २३५ जागा सेरिटेज या नव्या कंपनीला २.७ अब्ज डॉलरना. सेरिटेजचे अध्यक्षही लॅम्पर्टच, आणि सिअर्स आता आपल्याच जुन्या जागांचे भाडे भरू लागली. २०१७ मध्ये क्राफ्ट्समन हे नाव स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या अवजार कंपनीला सुमारे ९० कोटी डॉलरना गेले. पुरवठादार धास्तावले आणि आगाऊ पैसे मागू लागले. त्याच वर्षी व्हर्लपूलने सिअर्सला माल देणे थांबवले. १९१६ पासूनचे हे नाते होते. व्हर्लपूलच्या पूर्वजांचे सिअर्स हे मोठे गिऱ्हाईक होते. नाव गेले, जागा गेल्या, पुरवठादार गेला, आणि मग दुकानात जाण्याचे कारण उरले नाही. २०१७ ची विक्री १६.७ अब्ज डॉलर, म्हणजे बारा वर्षांपूर्वीच्या साधारण एक तृतीयांश.

लॅम्पर्ट यांची बाजू

त्यांच्या बाजूने दोन मुद्दे आहेत आणि ते खोटे नाहीत. निवृत्तिवेतनाच्या जुन्या बांधिलकीपोटी कंपनीला अब्जावधी डॉलर भरावे लागले, तेवढे ओझे नव्या स्पर्धकांवर नव्हते. आणि शेवटच्या वर्षांत ईएसएलने स्वतः कंपनीला कर्ज दिले. अर्ज दाखल झाला तेव्हा ईएसएलचे कंपनीकडे अडीच अब्ज डॉलरहून अधिक येणे होते. पण रोझेनवाल्ड यांच्या १९२१ च्या मदतीशी याची तुलना केली की फरक दिसतो. ईएसएलचे बरेचसे कर्ज जागा आणि मालमत्ता तारण ठेवून दिलेले होते.

दुसरा आक्षेप असा की अमेरिकेतली सगळीच डिपार्टमेंट स्टोअर ढासळली. वॉर्डने २००० च्या अखेरीस धंदा गुंडाळल्याचे जाहीर केले, मर्विन्स २००८ मध्ये गेले, जे. सी. पेनीने २०२० मध्ये दिवाळखोरी मागितली. मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानांपुरते ते खरे आहे. पण सिअर्सची ताकद कपड्यांत कधीच नव्हती. फ्रिज, वॉशिंग मशीन, पाने, ड्रिल, बॅटऱ्या यांत होती. या वस्तूंची मागणी घटली नाही. होम डेपो आणि लोज याच काळात याच वस्तूंवर फोफावले, आणि त्यांचीही दुकाने विटामातीचीच होती. गिऱ्हाईक इंटरनेटवर निघून गेले नव्हते. ते रस्त्यापलीकडे, दिवे चालू असलेल्या दुकानात गेले होते.

नंतर

अर्ज दाखल केला तेव्हा सुमारे ७०० दुकाने आणि ६८ हजार कर्मचारी उरले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट ड्रेन यांनी ४२५ दुकाने आणि इतर मालमत्ता ५.२ अब्ज डॉलरच्या व्यवहारात लॅम्पर्ट यांच्याच फंडाला विकायला मंजुरी दिली. जुन्या धनकोंचा विरोध होता. नव्या कंपनीचे नाव ट्रान्सफॉर्मको. त्यानंतरही दुकाने बंद होतच राहिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये इलिनॉयमधले, म्हणजे सिअर्सच्या स्वतःच्या राज्यातले, शेवटचे दुकान बंद झाले.

सिअर्सच्या दिवाळखोरीतल्या मालमत्तेच्या वतीने लॅम्पर्ट आणि इतरांवर दावा लावला गेला. कंपनी कमकुवत होत असताना तिची मौल्यवान मालमत्ता बाहेर काढल्याचा त्यात आरोप होता. लॅम्पर्ट यांनी तो फेटाळला. २०२२ मध्ये १७ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

सुमारे ९० हजार आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची जबाबदारी पेन्शन हमी देणाऱ्या सरकारी महामंडळाने घेतली. कायद्याने ठरलेल्या मर्यादेपर्यंत ते त्यांना मिळते. निवृत्तांचा कंपनीने भरलेला आयुर्विमा मात्र मार्च २०१९ मध्ये संपला, कारण त्याला सरकारी हमी नव्हती. कंपनीत वीस-तीस वर्षे काढलेल्या माणसांना ही बातमी पत्राने कळली.